शिंत्रेबाईंचा फिश फाइंडर

शिंत्रेबाई नदीतल्या माशांचीही परीक्षा घेत. सदलग्याच्या बंधाऱ्यावर गळ टाकून बसायच्या आणि मांडीवरच्या फिश फाइंडरकडे बघत म्हणायच्या, "ह्यो हुशार हाय, गळाकडं बघतबी न्हाय. मागचा ढ दिसतोय. थांब, येईल आत्ता." बाईंनी आयुष्यभर गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर मासेमारीचा नाद लावून घेतला. त्यात पुतण्यानं हे यंत्र पाठवलं, मग काय विचारता! मी त्यांचा जुना विद्यार्थी. निपाणीत माझं टीव्ही आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. वर्गात मी त्या मागच्या माशाच्या जातीचा होतो, आणि बाईंनी ते कधी विसरू दिलं नाही.

यंत्र सोपं होतं. दोरीला बांधलेला गोळा पाण्यात सोडायचा. तो आवाज पाठवतो, तळाला किंवा माशाला आपटून आवाज परत येतो आणि पडद्यावर चित्र उमटतं. पहिल्याच दिवशी पडद्यावर छोट्या छोट्या माशांची झुंबड उडाली. मी हरखलो. बाई म्हणाल्या, "एवढं मासं असतं तर लोकांनी शेती केली असती व्हय? बंद कर ती माशांची चित्रं. रीत न दाखवता उत्तर लिहितंय ते." चित्रं बंद केली, तर नुसते ठिपके राहिले. "आता सेन्सिटिव्हिटी उतरव. बडबडी पोरं गप्प बसल्याबिगर कोपऱ्यातल्या पोराचं ऐकू येत न्हाय." मी यंत्राची आवाज टिपायची ती ताकद हळूहळू उतरवत गेलो. कचरा, बुडबुडे सगळं विरलं आणि तळाजवळ एक स्वच्छ कमान दिसली. तोच खरा मासा. अर्ध्या तासात बाईंनी रोहू काढला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी गणित कॉपी करून सोडवलं होतं.

पुढच्या वर्षी बाई यंत्र घेऊन दुकानात आल्या. "पडदा धूसर झालाय. बघ." मी बघितलं. पडदा लख्ख होता. तरी खोललं, पुसलं, परत बसवलं आणि म्हणालो, "झालं, बाई." पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला त्यांनी माझ्यासमोरच सेन्सिटिव्हिटी पार वर नेली, कॉन्ट्रास्टही नेला. अख्खा पडदा काळ्या ठिपक्यांनी भरला. बाई समाधानानं म्हणाल्या, "आत्ता जरा बरं दिसतंय."

तेव्हा मला कळलं. बिघाड डोळ्यांत होता. पण सांगायचं कुणी? मी पन्नाशीचा माणूस, दोन पोरींचा बाप, आणि बाईंना "तुम्ही चुकताय" म्हणायची माझी छाती होईना. मी चौथ्यांदाही पडदा पुसून दिला. त्याची मला आजही लाज वाटते.

मग एका रविवारी बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला बाई गोळा सोडायला पुढे झाल्या. तिथं काठाला लागून हिरवीगार जलपर्णी पसरली होती. बाईंनी तिला गवत समजून सरळ पाय टाकला. मी दंड धरला म्हणून वाचल्या. गुडघ्यापर्यंत पाय मात्र पाण्यात गेलाच. मी ओरडलो, "बाई, यंत्राला काय बी झालेलं न्हाय! तुमचं डोळं गेल्यात!" आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो होतो. बाईंनी ओलं लुगडं पिळलं आणि निघून गेल्या.

महिन्याभरानं काळा चष्मा लावून दुकानात आल्या. बेळगावात मोतीबिंदू काढून घेतला होता. पार पिकला होता, आणखी उशीर केला असता तर डोळाच गेला असता, असं डॉक्टर म्हणाले होते.

"तुला कवापासनं ठाऊक व्हतं?"

"तीन-चार महिनं."

"मग बोलला का न्हाईस?"

"भ्यालो, बाई."

बाई गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या. हातातल्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. मग हळू म्हणाल्या, "माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. लई अभिमान व्हता रं मला त्याचा." त्यांनी चष्मा सारखा केला आणि त्यांचा जुना आवाज निघाला. "बरं. आणखी काय काय दाबून ठेवलंयस? सांग आत्ताच."

मी म्हटलं, होऊन जाऊ दे. "बाई, तुम्ही दर रविवारी माशाच्या कालवणाचा डबा देता न्हवं, त्यात मीठ लई असतंय. सुरुवातीपासनं."

बाईंनी काळा चष्मा काढून माझ्याकडे रोखून बघितलं. "ते खोटं हाय," म्हणाल्या आणि तरातरा निघून गेल्या.

पुढच्या रविवारी डबा आला. कालवणात मिठाचा कणही नव्हता. मीठ झाकणावर, कागदाच्या वेगळ्या पुडीत बांधलेलं होतं. बाई गेल्या त्या आठवड्यापर्यंत ती पुडी येत राहिली.