तिसऱ्यांदा निघालेली जागा

निवड समितीवर बसायचं म्हटलं की माझं डोकं आदल्या दिवसापासून दुखायला लागायचं. लोकांना वाटायचं, काय मान आहे बाईंचा! अहो, कसला मान? दिवसभर ताठ खुर्चीत बसायचं, गार झालेला समोसा खायचा, आणि जे सकाळच्या चहालाच ठरलेलं असतं त्यावर संध्याकाळी सही करायची. पण आमच्या संस्थेत समितीवर एक बाई लागायची आणि एक 'आतलं' माणूस लागायचं. मी दोन्ही होते, त्यामुळे एका खुर्चीत त्यांचं काम भागायचं.

आम्ही तेव्हा दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, आणि मी रोज गुडगावला. सार्वजनिक आरोग्य शिकवणारी ही संस्था तिथे नुकतीच उघडली होती. शेतं विकली गेलेली, रस्ते अजून व्हायचे होते, आणि मध्येच आमची काचेची इमारत. आत एसी इतका की मे महिन्यातही मी शाल घेऊन बसायचे. देश खुला झाला, देश खुला झाला असं रोज पेपरात वाचायचो, पण आमच्या गेटपर्यंत स्टाफची बस सोडली तर एक बस काही येत नव्हती. बाहेरून येणाऱ्या ज्याच्याकडे गाडी नाही त्याने दिल्लीच्या टोकाला, धौला कुआँच्या चौकात शेअर जीप पकडायची, हायवेवर उतरायचं आणि उन्हातून, ट्रकांची धूळ खात, पायी यायचं. आणि आमच्या जाहिरातीत ठळक अक्षरात छापलेलं असायचं की ही संस्था समतेशी बांधील आहे. ते वाचलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

सहायक प्राध्यापकांच्या तीन जागा होत्या, तिन्ही कायमच्या. दोन सगळ्यांसाठी खुल्या, आणि तिसरी वंचित समाजातून आलेल्या तरुण उमेदवारासाठी राखलेली. पैसा परदेशी देणगीदारांचा होता आणि ही तिसरी जागा त्यांच्या आग्रहाने निघाली होती. खुल्या जागांच्या मुलाखतींना मी होते, त्या दोन्ही झटक्यात भरल्या. राखीव जागेची मुलाखत वेगळी व्हायची, तिथे दुसऱ्याच बाई बसायच्या. ती दोनदा झाली, आणि दोन्ही वेळा निकाल एकच: योग्य उमेदवार मिळाला नाही. सरकारी असो की खाजगी, हे वाक्य आपल्याकडे इतकं रुळलेलं आहे की कुणाच्या कपाळावर आठीसुद्धा पडत नाही.

तिसऱ्यांदा जागा निघाली तेव्हा मला समितीवर घेतलं. मुलाखतीला आलेली मुलगी मला तोंडओळखीची होती. मागच्या खेपेला ती जिन्यात भेटली होती आणि तिथल्या फोनवरचं माझं मराठी ऐकून थबकली होती. "मॅडम, तुम्ही आपल्याकडच्या?" असं विचारून तिने तिथेच बसकण मारली आणि मला अर्धा तास सोडलं नाही. परभणीकडची. दिल्लीत मुनिरक्याला दोन मुलींबरोबर एका खोलीत राहायची, त्या दोघी यूपीएससीचा अभ्यास करणाऱ्या. हिने हरियाणातल्या वीटभट्ट्यांवरच्या बायकांच्या आरोग्यावर पीएचडी केलेली. सध्या एका प्रकल्पावर होती आणि तो प्रकल्प उन्हाळ्यात संपणार होता. "ही जागा मिळाली तर राहीन, नाहीतर बिस्तरा गुंडाळून गावी," असं तिने सरळ सांगितलं. गावी जाऊन काय करणार, तर तालुक्याच्या कॉलेजात जे मिळेल ते. तिच्या विषयाचं तिथे काहीच नव्हतं.

त्या दिवशी समितीत आम्ही तिघं. अध्यक्ष म्हणजे मंत्रालयातून निवृत्त झालेले बडे साहेब, बोलणं एकदम गोड. दुसरे बाहेरून बोलावलेले तज्ज्ञ, दक्षिण दिल्लीतले प्राध्यापक, सारखं घड्याळ बघणारे. आणि मी. उमेदवार ती एकटीच, कारण बोलावलेले बाकीचे दोघं फिरकलेच नाहीत. तेही मागच्या वेळी येऊन गेले होते, पुन्हा कशाला येतील?

ती आली, बसली, उत्तरं दिली. इंग्रजी तिचं चांगलं होतं, फक्त आपल्या वळणाचं. शिकवून दाखव म्हटलं तर फळ्यावर भट्टीचा दिवस काढला: पहाटे कोण उठतं, माती कोण मळतं, ओल्या विटा कोण वाहतं, आणि त्यात बाळंतीण कुठे बसते. तज्ज्ञांनी घड्याळ बघायचं थांबवलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मला बरं वाटलं. वाटलं, आज काम होतंय.

मग अध्यक्षांनी शेवटचा प्रश्न टाकला. "समतेशी तुमची बांधिलकी काय, ते जरा सांगा."

ती म्हणाली, "सर, हा प्रश्न मला इथे तिसऱ्यांदा विचारला जातोय. खुल्या जागांच्या उमेदवारांनाही विचारला होता का?"

"ऑफ कोर्स," अध्यक्ष हसत म्हणाले. "हम सबसे पूछते हैं."

साफ खोटं! खुल्या जागांच्या वेळी मी शेजारच्याच खुर्चीत बसले होते. त्या दोघांना परदेशातलं विद्यापीठ कसं होतं, थंडी कशी होती, घर मिळालं का, एवढंच विचारलं होतं. मी तिथल्या तिथे म्हणाले, "नाही सर, त्यांना नव्हतं विचारलं." अध्यक्ष पाणी प्यायले आणि त्यांनी तिला बाहेर बसायला सांगितलं.

मग सुरू झालं ते नेहमीचं. मुलगी हुशार आहे, बिल्कुल. फील्डवर्क तर उत्तमच. पण कम्युनिकेशन? पण इथल्या वातावरणात बसेल का? तज्ज्ञ तर मोठ्या कळवळ्याने म्हणाले, "बेचारी अकेली पड़ जाएगी यहाँ." अरे, एकटी पडेल म्हणून घ्यायचं नाही, आणि घेत नाही म्हणून जी येईल ती एकटीच! मी हे बोलले. आवाज चढवून बोलले. या बाईंना आज बरं नाही की काय, अशा नजरेने दोघं माझ्याकडे बघत राहिले. मी भांडले, समजावलं, पुन्हा भांडले. एका वयानंतर भांडताना सुद्धा पाठ दुखते, हे मला त्या खुर्चीत कळलं.

शेवटी अध्यक्षांनी मधला मार्ग काढला. कायमची जागा तूर्त राहू दे. मुलीला एका वर्षाच्या करारावर घेऊ, पगार ठीकठाक देऊ, काम बघू, पुढचं पुढे. "चलो, सबकी बात रह गई," तज्ज्ञ उठता उठता म्हणाले. करारावर माणसं घ्यायची ही तेव्हाची नवी टूम होती, सगळ्याच ऑफिसांतून चाललेली. मी हो म्हटलं. खरं सांगते, मला आनंद झाला होता. दोनदा नाही म्हणणाऱ्यांकडून मी काहीतरी काढून घेतलं होतं.

मी स्वतः बाहेर जाऊन तिला सांगितलं. वाटलं होतं, मुलगी हात धरेल, निदान हसेल. ती म्हणाली, "आणि मूळची जागा?"

"ती राहील की. पुढे बघू."

"नको मॅडम. करार नको."

"अगं, वेडी आहेस का तू? उन्हाळ्यात तुझा प्रकल्प संपतोय ना?"

"संपतोय." तिचा आवाज बारीक झाला होता, पण डोळे माझ्यावरून हलले नाहीत. "मी करारावर आले की वर्ग मी घेणार, पेपर मी तपासणार. काम होत राहिलं की ती जागा कोण भरणार? मला दर वर्षी एक वर्ष देतील. आणि जागा राखलेली आहे, रिकामी आहे, असं वर्षानुवर्षं छापत राहतील. तोंडाला पानं पुसतायत मॅडम. माझ्या, आणि तुमच्याही."

मला राग आला. तिचा नाही, माझा नाही, कुणाचा ते सांगता येईना. एवढं भांडून मिळवलं होतं, आणि ही पोरगी दोन मिनिटांत त्याचा हिशेब सांगून मोकळी झाली होती. आणि तिचं बरोबर होतं, हे मला तिच्यासमोर उभं असतानाच पटलं होतं.

आत येऊन मी सांगितलं की ती करार घेत नाही. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर जी काही सुटका दिसली! लगेच म्हणाले, "लिख दीजिए, उम्मीदवार इच्छुक नहीं."

"थांबा," मी म्हटलं. "ते तिच्या तोंडून ऐका."

आणि दार उघडून मी तिला पुन्हा आत बोलावलं. असं कुणी करत नाही. तज्ज्ञांनी तर हात जोडले. ती उभीच राहिली, बसली नाही. हिंदीत म्हणाली, "सर, जिस जगह का इश्तिहार था, उसके लिए मैं इच्छुक हूँ. दूसरी किसी जगह के लिए मैंने अर्ज़ी नहीं दी थी. यह जगह फिर निकलेगी तो मैं फिर आऊँगी."

ती बाहेर गेली. पुन्हा एकदा योग्य उमेदवार मिळाला नाही असं ठरलं. मी सही केली नाही. माझ्या सहीवाचून त्यांचं काही अडलं नाही, दोघांच्या सह्या पुरल्या.

संध्याकाळी तिला मी स्टाफच्या बसमध्ये घातलं. बाहेरच्यांना त्यात बसायला मनाई होती, पण माझा चेहरा बघून ड्रायव्हर काही बोलला नाही. हायवेवर गाड्या तुंबलेल्या. ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. मला रडू येत होतं, आणि रडायचाही कंटाळा आला होता. धौला कुआँ आल्यावर ती उतरायला उठली.

"पुन्हा निघेल ना मॅडम?"

"निघेल. निघायलाच पाहिजे. देणगीदारांना काय सांगणार हे?"

"मग मी काहीतरी करून दिल्लीत टिकते," ती म्हणाली आणि उतरली.

आणि टिकली. प्रकल्प संपला, तशी ती शिकवण्या घ्यायला लागली, कुणाकुणाची भाषांतरं करायला लागली. मधूनमधून घरमालकाच्या फोनवरून मला फोन करायची, आणि दर वेळी जाहिरातीचंच विचारायची.

पावसाळा संपता संपता जाहिरात आली. मी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मग पुन्हा वाचली. जागा बऱ्याच होत्या, समतेची ओळही तशीच ठळक होती. तिची जागा नव्हती. ऑफिसात विचारलं तर पुनर्रचना झाली म्हणाले. तीनदा योग्य उमेदवार मिळाला नाही, म्हणून ते पद रद्द केलं होतं. देणगीदारांनाही तसं कळवलं होतं, आणि त्यांना ते पटलं होतं.

त्या दिवशी मीच मुनिरक्याला फोन लावला. घरमालकाने तिला हाक मारली, जिन्यावरून तिची पावलं धावत आली. "निघाली का?" तिने हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

मी सांगितलं, जे होतं ते सगळं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे मी पुन्हा येऊ नये म्हणून त्यांनी जागाच काढून टाकली?"

"हो."

"मला एवढी घाबरली का हो मॅडम, ही सगळी माणसं?" आणि ती हसायला लागली. मनापासून हसत होती, आणि मला मेलं काही केल्या हसू येईना.