नकाशात नसलेली एकेचाळीस घरं

"तुम्ही याच गावचे ना? मग ठेवा बघू बोट. कुठं आहे तुमचं घर?"

साहेबांनी सहज विचारलं. टेबलावर आमच्या गावाचा नकाशा पसरलेला होता. मीच काढलेला. समोर साहेब, शेजारी ओव्हरसियर, आणि खुर्चीत आमच्या गावचे सरपंच. मी बोट ठेवलं. मारुतीच्या देवळाशेजारी.

सरपंच पुढं वाकले. बोटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"देवळाशेजारी? कवापास्नं रं?"

माझं बोट तिथंच.

"साहेब, ह्यो म्हारवाड्यातला. उचल रं ते बोट. आन् साहेब, तेवढं पुसून घ्या, आज शनवार हाय मारुतीचा."

ओव्हरसियर खदाखदा हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि माझं बोट होतं ती जागा पुसली. शाई केव्हाच वाळलेली होती. पुसण्यासारखं तिथं काहीच नव्हतं. तरी पुसली.

आणि मी हसलो. हे लिहिताना लाज वाटते. पण ओव्हरसियर हसला म्हणून मीही हसलो.

वय बेचाळीस. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत दहा वर्षं अनुरेखक. म्हणजे नकाशे उतरवून काढणारा. काचेच्या टेबलाखाली दिवा लावायचा, जुना नकाशा ठेवायचा, वर ट्रेसिंगचं कापड ताणायचं आणि दिसेल ते काळ्या शाईनं गिरवायचं. गावात जायचं नाही. जमीन पाहायची नाही. मूळ नकाशात असेल तेवढंच उतरवायचं, हा आमचा नियम. त्यामुळं एकदा जे सुटलं ते कायमचं सुटलं. पुढचा अनुरेखक माझाच नकाशा गिरवणार.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. बैल घोडेगावच्या बाजारात गेले होते, ते परत आले नव्हते. सरकारनं बोअरचं मशीन पाठवलं होतं. प्रत्येक गावाला एक हापसा. जागा ठरवायची ती नकाशावरून. घरांचा नकाशा खाली, विहिरींचा त्याच्यावर, रस्त्यांचा सगळ्यांत वर. खालून दिवा. जिथं घरं दिसतात आणि जवळ सरकारी विहीर दिसत नाही, तिथं हापसा. साहेबांना या पद्धतीचा अभिमान होता. म्हणायचे, "यात वशिला चालत नाही. नकाशा कुणाचा पाहुणा नसतो."

आमचा वाडा ओढ्यापलीकडं. एकेचाळीस घरं. विहीर नाही. नियमानं हापसा तिथंच यायला हवा होता. पण नकाशात ओढ्यापलीकडं कोरं कापड.

साहेबांनी विचारलंसुद्धा. "इथं काही वस्ती आहे का?"

"तिथं काय न्हाई," सरपंच म्हणाले. "पडीक हाय. आमच्या मळ्यात धा-बारा घरं हायेत बघा. ती दिसत्यात का?"

दिसत होती. मीच काढली होती. मळ्यातला गोठासुद्धा काढला होता.

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "काय हो? पडीक आहे?"

म्हारवाड्यातला म्हणून आत्ताच माझी ओळख झाली होती. म्हारवाडा कुठंतरी असणारच, हे साहेबांना सुचलं नाही, आणि सरपंच सांगणार नव्हते. मला सुचलं होतं. मी म्हणालो, "व्हय साहेब."

मळ्यावर लाल गोल काढायला त्यांनी मलाच सांगितलं. काढला. माझा गोल कधी वाकडा येत नाही.

आता खरं सांगतो. वाडा नकाशात नव्हता, कारण मूळ नकाशात नव्हता, हे अर्धं खरं. दहा वर्षांत तो नकाशा मी तीनदा उतरवला. वाडा घाला म्हणून एक अर्ज टाकला असता तर कुणी तरी विचारलं असतं, तुम्हाला कसं ठाऊक? तालुक्याच्या गावी मी भाड्याच्या खोलीत राहत होतो. आडनावावरून जात कळत नव्हती. एकेचाळीस घरं लपली म्हणून माझं एक घर लपलं होतं. कोरी जागा मला सोयीची होती.

दुपारी कचेरी सुटली. गावी गेलो. माझी थोरली बहीण, आक्का, वाड्यातच राहते. ओढ्यात झिरा उकरून वाटीनं पाणी भरत होती. गावच्या विहिरीवर आमच्या बाया लांब उभ्या राहत, कुणी वरून ओतलं तर घेत. विहीर खोल गेल्यापासून कुणी ओतत नव्हतं. आधी गावाचं होऊ द्या, म्हणत. गावाचं कधीच होत नव्हतं.

"मशीन कंदी येतंय रं?" आक्का म्हणाली. "आमी जागा झाडून ठेवलीया. चुन्यानं गोल बी काढलाय. मशीनवाल्याला हुडकाया नको."

मी सांगितलं. मशीन मळ्यात जाणार.

"का?"

"नकाशात आपला वाडा नाही."

"नकाशे कोन काढतं?"

तिनं वाटी खाली ठेवली.

"तू काढतूस. दरसाली सांगतूस, माझ्या हातचा नकाशा लई बारीक असतो. मग आमी त्याच्याहून बारीक हावोत व्हय रं? दिसलोच न्हाई?"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी मी पिशवीतून टेप काढला. एक टोक आक्काच्या हातात दिलं. बाया जमल्या. "माझ्या घराचं कोपरं नीट धर गं, न्हाईतर सरपंचाच्या मळ्यात जाईल," एक म्हातारी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. घर न् घर मोजलं. ओढा, वाट, देवीचा ओटा, सगळं. दहा वर्षांत पहिल्यांदा मी जमीन पाहून नकाशा काढत होतो.

सोमवारी साहेब येण्याआधी ते सगळं मूळ ट्रेसिंगवर शाईनं चढवलं. वर ठळक लिहिलं, महारवाडा, घरे ४१, विहीर नाही.

साहेब पाहतच राहिले. "हे काय?"

"माझं घर, साहेब. शनिवारी चुकीच्या जागी दाखवलं होतं."

"मूळ नकाशात नाही हे."

"मूळ नकाशा खोटा आहे."

"तुम्हीच म्हणालात, पडीक आहे."

"खोटं बोललो."

साहेबांनी ब्लेड पुढं सरकवलं. ट्रेसिंगवरची शाई ब्लेडनं खरवडून काढतात. "जिल्ह्याला आज जायचाय नकाशा. काढून टाका."

"नाही काढणार."

"मी आदेश देतोय."

"तुम्ही काढा साहेब. माझ्या हातून नाही."

ओव्हरसियरनं ब्लेड उचललं. त्याला सवय नव्हती. खरवडता खरवडता कापड फाटलं. आमच्या वाड्याच्या जागी भोक पडलं. जिल्ह्याला जुनी छापील प्रत गेली. मशीन मळ्यात गेलं. पाणी लागलं, भरपूर लागलं. आक्का अजून ओढ्यात उकरते.

मला मेमो मिळाला. खुलासा मागितला. मी लिहिलं, गेली दहा वर्षं मी जाणूनबुजून खोटा नकाशा काढला, शिक्षा द्यायची तर त्याची द्या. घरं दाखवल्याबद्दल मी माफी मागणार नाही. खाली सही केली आणि सहीखाली राहण्याचा पत्ता लिहिला. महारवाडा.

त्यानंतर तालुक्यातल्या सगळ्या गावांचे नकाशे काचेवर लावून पाहिले. प्रत्येक गावाच्या कडेला कुठं ना कुठं कोरं कापड आहे. बहुतेकांवर माझी सही आहे. त्या प्रत्येक ठिकाणी मी जाणार आहे, दर रविवारी, टेप घेऊन. नोकरी राहिली तर टेबलावर बसून काढीन. गेली तर जमिनीवर बसून काढीन. पण घरं काढीन.