पाचच कावून?

लग्नपत्रिकेचा आमच्या अकोल्याच्या साडूंइतका आदर करणारा आणि तीत छापलेल्या मजकुराकडे इतकं साफ दुर्लक्ष करणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान. नोकरीभर सरकारी कचेरीत नकाशे काढले आणि निवृत्त झाल्यावर कात्री हातात घेतली ती ठेवलीच नाही. पत्रिका आली की लोक मुहूर्त बघतात. हे ती कानाजवळ नेऊन हलकेच वाकवायचे आणि तिचा आवाज ऐकायचे. "चांगलं घर हाय," म्हणायचे. मुलगा काय करतो, मुलगी कोणाची, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. मात्र लग्न लागेपर्यंत पत्रिकेला कात्री लावायची नाही, हा त्यांचा नेम होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कात्रीखाली जायची. गणपती कापायचा नाही, हा दुसरा नेम. त्यामुळे त्यांच्याकडे नुसत्या गणपतींनी भरलेले बिस्किटांचे तीन डबे होते आणि त्यांचं पुढे काय करायचं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पत्रिकांचे ते ठोकळे करत. चार त्रिकोणांचा, सहा चौरसांचा म्हणजे आपला फासा, आठ त्रिकोणांचा, बारा पंचकोनांचा आणि वीस त्रिकोणांचा. शास्त्रात त्यांना भारदस्त नावं आहेत. साडू मात्र त्यांना चारवाला, सहावाला, बारावाला अशी शेजाऱ्यांसारखी हाक मारत. अट एवढीच की ठोकळ्याची सगळी तोंडं हुबेहूब सारखी हवीत, तोंडांच्या बाजू आणि कोन सारखे हवेत, आणि प्रत्येक टोकाशी सारख्याच संख्येनं तोंडं भेटायला हवीत. ही अट पाळणारे ठोकळे पाचच होतात. एकदा ते अमरावतीला आले तेव्हा माझ्या बायकोला त्यांच्या बारावाल्यावर एका तोंडावर वराचं नाव दिसलं आणि वधूचं थेट पाठीमागच्या तोंडावर. "आत्तापासूनच अबोला कावून धराले लावता त्याईले?" ती म्हणाली. साडू ओशाळले. तेव्हापासून नवरा-नवरी शेजारच्या तोंडांवर येतील अशी काळजी ते घेऊ लागले. त्यापायी एकेक ठोकळा चारचारदा उकलून पुन्हा चिकटवावा लागे.

या माणसाची आयुष्याकडून एकच मागणी होती. कोणीतरी आपण होऊन त्यांना "पाचच कावून?", म्हणजे पाचच का, असं विचारावं. स्वतःहून ते कधी सांगत नसत. "न इचारता सांगतलं त मानूस मान हालवते, साडूभाऊ. मान हालली का डोकं थांबते." लोक बाकी सगळं विचारत. यात दिवा लावता येतो का, पाण्यानं खराब होते का, विकाले ठेवता का. साडू उत्तरं देत आणि वाट बघत.

मुलीच्या लग्नात त्यांनी रुखवतात पाचही ठोकळे मांडले. लाडवांच्या परातीशेजारी वीसवाला असा काही दिमाखात बसला होता की वरपक्षाच्या बायका तिथेच थबकल्या. त्यांतली एक वयस्कर बाई म्हणाली, "एक अजून केला असता त सहा झाले असते. जोडीनं बरं दिसते." साडू दोन पावलं पुढे सरकले. मी त्यांचा चेहरा पाहिला. ताटावर बसलेल्या माणसाला तूप दिसावं तसा तो झाला होता. बाईंनी बारावाला उचलला, फिरवून पाहिला आणि विचारलं, "याचं झाकन कुठं हाय?" तेवढ्यात पंगतीचं बोलावणं आलं.

"जवळ आली होती बाई," जेवताना साडू मला म्हणाले.

मी शेजारीच बसलो होतो. त्याच वेळी विचारता आलं असतं. पण मी पडलो पुस्तकातला माणूस. सगळं आयुष्य वाचण्यात गेलेलं. आपल्याला एवढंही माहीत नाही, हे साडूंपुढे कबूल करायचं जिवावर आलं. मी जिलबी घ्या म्हणालो.

साडू गेले त्याला आता काही महिने झाले. तेरवीला घर माणसांनी भरलेलं होतं, तेव्हा बोलणं झालं नाही. मागच्या आठवड्यात मी मुद्दाम अकोल्याला गेलो. मेहुणीनं चहा दिला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मी शेवटी विचारलं, "ठोकळे पाचच का होतात गं?"

ती उठली. मग आतून पत्रिका आणि कात्री घेऊन आली आणि सतरंजीवर बसली.

"टोक कराले तीन तरी तोंडं लागते, भाऊजी. हे तीन त्रिकोन. मधातली फट मिटवा. आलं टोक वर? हा चारवाला. चार घेतले त आठवाला. पाच घेतले त वीसवाला. आता सहावा लावा."

मी सहावा लावला. फट उरलीच नाही. सगळं सतरंजीवर पापडासारखं पडून राहिलं.

"झोपलं," ती म्हणाली. "फट नाई त टोक नाई. चौरस तीन चालते, तो सहावाला, चौथा लावला का फरशी. पंचकोन तीन चालते, तो बारावाला, चौथा मावतच नाई. षटकोन त तिनातच सपाट, मधाच्या पोळ्यावानी. त्याच्या पुढं जागाच नाई. मोजा. पाच."

"तू त्यांना विचारलं होतंस?"

"मी कधी इचारलं? पंधरा वर्सं तुकडे झाडून राहिली मी. झाडता झाडता समजलं."

"मग सांगितलं का नाहीस त्यांना? किती वाट पाहिली त्यांनी."

तिनं सतरंजीवरचे त्रिकोण गोळा करून एकावर एक रचले, कडा जुळवल्या.

"म्हनूनच नाई सांगतलं," ती म्हणाली. "दारावरची घंटी वाजली का कसे उठत होते, पाहलं ना तुमी? मले समजलं म्हनून सांगतलं असतं, त मंग कोनासाठी उठले असते?"

ती दुसरी पत्रिका घेऊन पंचकोन आखू लागली आणि मला म्हणाली, कापा, पण गणपती सोडून. संध्याकाळची बस मी जाऊ दिली.