वयाचा रकाना

शालिनीवहिनी गेल्याचा फोन निखिलने केला तेव्हा मी शाळेत जायला निघालो होतो. 'काका, आई गेली,' एवढंच तो म्हणाला. काविळीने चार दिवस दवाखान्यात होत्या, पण डॉक्टर काळजी नाही म्हणत होते. खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिल्यांदा दुःख आलंच नाही. हे चुकीच्या क्रमाने झालं, असं वाटलं. गेली आठ-नऊ वर्षं मी धरून चाललो होतो की वहिनी माझ्या मयताला येतील, निखिलला धीर देतील, माझ्या बायकोजवळ बसतील. आमच्या घरात मरणाची भीती त्यांच्यावाचून सगळ्यांना होती... आणि गेल्या त्याच.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, विजयदादाच्या पत्नी. आमचं घर मूळचं सायखेड्याचं, नंतर नाशिकजवळ फुलशेतीत रमलेलं. दादा शेवंतीच्या पाट्या टेम्पोत चढवता चढवता खाली बसला आणि उठलाच नाही. अडतीस वर्षांचा, निर्व्यसनी माणूस. निखिल तेव्हा सात वर्षांचा होता. दहाव्याला जमलेल्या बायकांत कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, 'या घरातले पुरुष टिकत नाय.' ते वाक्य वहिनींनी ऐकलं आणि मीही ऐकलं. त्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही.

वहिनी सरकारी कचेरीत लिपिक होत्या. तिथे कॉम्प्युटर आले तेव्हा बाकीचे कुरकुरत होते आणि या हौसेने शिकल्या. पुढे निखिलसाठी म्हणून एक जुळवलेला कॉम्प्युटर त्यांनी घरी आणला. कचेरीतल्या एका बाईंच्या भावाने अमेरिकेहून वंशावळीच्या प्रोग्रॅमची सीडी आणली होती, ती त्यांच्या हाती लागली. माणसांची नावं, जन्म, लग्न, मृत्यू भरायचे, नाती जोडायची, की तो प्रोग्रॅम पिढ्यांप्रमाणे सगळ्यांची हकिकत मांडून द्यायचा, मागे नावांची सूचीसुद्धा. आमचे थोरले चुलते आबा पंचाहत्तरीला आले होते. त्या दिवशी घराण्याचं पुस्तक छापून सगळ्यांना वाटायचं, असं वहिनींनी ठरवलं. दर रविवारी एसटीने कधी सायखेडा, कधी येवला, कधी देवळा. प्रोग्रॅमला मराठी येत नव्हतं, म्हणून नावं इंग्रजीत भरायची आणि छापण्याआधी सगळा मजकूर पुन्हा मराठीत टाइप करायचा. म्हाताऱ्या माणसांना साल विचारलं तर ती म्हणायची, 'नदीला मोठा पूर आला ना, त्याच्या आदल्या वर्षी.' वहिनी घरी येऊन त्याचा हिशोब लावायच्या.

एका रविवारी दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर प्रिंटरमधून निघालेला लांबलचक कागद पसरला होता. नाव, जन्म, मृत्यू, आणि शेवटचा रकाना वयाचा. तो रकाना वहिनींनी भरला नव्हता, प्रोग्रॅमने स्वतःच वजाबाकी करून भरला होता. आमच्या पणजोबांच्या शाखेतल्या सात पुरुषांच्या नावांखाली पेन्सिलीची रेघ होती. आमचे वडील त्यात होते, दादा होता, सगळे दादासारखेच अचानक गेलेले. सगळ्यात मोठं वय होतं चव्वेचाळीस.

'भाऊजी, तुम्हाला या श्रावणात बेचाळीस पूर्ण होतील,' वहिनी म्हणाल्या.

मी त्या सात रेघा पुन्हा मोजल्या. मग संताप आला. 'वहिनी, तुम्ही पुस्तक करताय की मढी मोजताय?' असं बोलून मी चपला घालून निघून आलो. वहिनी दारापर्यंतही आल्या नाहीत.

पुढचे दोन आठवडे मला दुसरं काही सुचलं नाही. फळ्यावर गणित लिहिताना डाव्या हाताने उजव्याची नाडी धरायचो. शाळेचा दुसरा मजला चढताना पायऱ्या मोजायचो. एकदा वर्गात एक मुलगी म्हणाली, 'सर, बरं वाटत नाही का?' तेव्हा कळलं की मी बोलायचा थांबलो होतो. बायकोला सांगायचं धाडस नव्हतं. शेवटी वहिनींकडेच गेलो. त्या म्हणाल्या, 'तुम्ही रागावलात ते बरं झालं. मला एकटीला हे झेपत नव्हतं. निखिलकडे बघितलं की मी त्याच्या वयाची वजाबाकी करते हो...'

तोवर आबांच्या कानावर गेलं होतं. ते तडक वहिनींकडे आले. 'सूनबाई, पुस्तकात ही वयं नको. घरात लय पोरी लग्नाच्या हायेत. हे वाचून कोण करून घेईल त्यांना?'

वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. 'नाही छापत, आबा. पण माझंही एक ऐका. ज्याला पुस्तक हवं त्याने आधी छातीची तपासणी करून यायचं. कागद दाखवायचा, पुस्तक न्यायचं.'

आबांना वाटलं, स्वस्तात सुटलो. वहिनींनी माझ्यासमोर पडद्यावरच्या एका चौकोनातली खूण काढली, आणि अख्ख्या पुस्तकातून मृत्यूची सालं आणि वयं एकदम नाहीशी झाली. मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करतो.

हृदयाची सोनोग्राफी करायला पहिले आम्ही दोघं गेलो, मी आणि चौदा वर्षांचा निखिल. दोघांच्याही हृदयाचा स्नायू जाड निघाला. डॉक्टर म्हणाले, हे घराण्यातून येतं. गोळ्या घ्यायच्या, धावपळ, ओझी बंद, दरवर्षी तपासणी. वहिनींनी निखिलची क्रिकेटची बॅट त्याच दिवशी शेजाऱ्यांना देऊन टाकली. तो दोन महिने आईशी बोलला नाही. निघताना डॉक्टरांनी सहज विचारलं, 'मुलींना का नाही आणलं?'

वहिनी जागच्या जागी थांबल्या. हे त्यांना सुचलंच नव्हतं. त्यांनी काढलेली यादी फक्त पुरुषांची होती. घरी येऊन त्यांनी बायकांची नावं काढली. 'बाळंतपणात गेली' असं ज्यांच्यापुढे लिहिलं होतं, त्यांच्याबद्दल पुन्हा गावोगाव जाऊन विचारलं. एकीचं मूल तेव्हा वर्षाचं होतं आणि ती विहिरीवर पाणी शेंदताना पडली होती. दुसरीला मूलच नव्हतं. 'मीच बाई असून बायकांना मोजलं नाही,' वहिनी म्हणाल्या. त्यांना एवढं खचलेलं मी दादा गेला तेव्हाही पाहिलं नव्हतं. मग घरातल्या लेकीसुना घाबरत, रडत, एकमेकींचा हात धरून तपासणीला गेल्या. सुनांचा प्रश्न नव्हता, तरी सोबत म्हणून गेल्या. आबांची थोरली लेक सुनंदा, येवल्याला दिलेली, तिच्यात तेच निघालं, आमच्यापेक्षाही वाढलेलं.

आबा त्यानंतर आले ते थेट कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. मग म्हणाले, 'सूनबाई, घाल ती वयं. समद्यांची घाल.' पुस्तक वयांसकट छापलं. सुनंदाच्या धाकट्या मुलीचं ठरत आलेलं लग्न त्यामुळे मोडलं आणि सुनंदा वर्षभर वहिनींकडे आली नाही. नंतर आली. गोळ्या घेते, आजी झाली आहे. मला एक्कावन्नावं चालू आहे. भीती गेली असं मी म्हणणार नाही. ती रोज सकाळी गोळीबरोबर येते.

दरवर्षीच्या तपासणीला वहिनी आमच्याबरोबर यायच्या. खोलीत चपला-बूट नेता येत नाहीत, बाहेर काढावे लागतात. बाकावर जागा असली तरी वहिनी बसायच्या नाहीत. आत गेलेल्याचं पायताण दोन्ही हातांत छातीशी धरून दाराशी उभ्या राहायच्या. नर्स हसायची, 'अहो बाई, चोरीला नाही जात.' वहिनी पायताण आणखी घट्ट धरायच्या. आतला माणूस बाहेर आला की वाकून त्याच्या पायांपुढे ठेवायच्या. मला फार संकोच व्हायचा...

गेल्या आठवड्यात निखिल आणि मी दोघंच गेलो. आधी तो आत गेला. दार लागलं, आतलं यंत्र सुरू झाल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने नर्स माझ्याकडे बघत थांबली तेव्हा मी खाली पाहिलं. मी दाराशी उभा होतो आणि निखिलचे बूट माझ्या हातांत होते.