व्याह्यांच्या बांधीतले पाणी

पोळ्याचा दुसरा दिवस: माझ्या व्याह्यांना अँजिओग्राफीच्या खोलीत एकटे नेण्यात आले. त्यानंतरचा सोमवार: माझा पहिला अर्ज. पुढचा सोमवार: स्मरणपत्र. जबाबदार व्यक्ती दोन: दवाखान्याचे नवे व्यवस्थापक आणि त्यांच्या हुकमावरून दारावर 'नातेवाइकांस प्रवेश नाही' अशी पाटी ठोकणारा अनामिक.

हे व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे, कामठ्याचे धानकरी. दुसऱ्याच्या दुखण्यात इतक्या हक्काने शिरणारा माणूस मी उभ्या हयातीत पाहिला नाही. पंचक्रोशीत कोणाच्याही मनगटातून हृदयापर्यंत नळी जायची असली, की जुन्या डॉक्टरांच्या परवानगीने हे गृहस्थ धोतरावर शिशाचा जड एप्रन चढवून रोग्याच्या उशाशी हजर असत. 'काही दुखणार नाही' म्हणणाऱ्या नर्सला ते तत्काळ गप्प करीत. त्यांच्या लेखी ती खोटी साक्ष होती. स्वतः म्हणत, "दुखते थोडं. तू तिकडं पाहू नको, पाणी पाह्य." मग रोग्याने डोळे मिटून कालव्याचे पाणी आपल्या धानाच्या शेतात सोडायचे आणि धुऱ्याधुऱ्याने, म्हणजे बांधाबांधाने, एका बांधीतून दुसऱ्या बांधीत, खाचरातून खाचरात, न्यायचे. मध्येच कोणी कण्हला, की विचारणा होई, "काऊन थांबला? धुरा फुटला का?" सडक अर्जुनीच्या एका ढाबेवाल्याला शेत नव्हते, तर नळी निघेपर्यंत त्याच्याकडून त्यांनी ट्रकवाल्यांच्या पंगती वाढवून घेतल्या.

माझ्याकडेही गुंठाभर जमीन नाही. माझी स्वतःची अँजिओग्राफी झाली तेव्हा माझा हात आपल्या उबदार तळव्यात धरून ते म्हणाले, "तुमची शेती म्हणजे अर्ज. सांगा व्याही, सध्या कोणावर लिहून राहिले?" दंडात कळ उठत असताना मी रस्त्यावरील खड्ड्यांबाबतच्या निवेदनाचा मजकूर सांगू लागलो. डॉक्टर 'झाले' म्हणाले तेव्हा मी चौथ्या परिच्छेदात होतो, आणि मध्ये बोलल्याबद्दल मी त्यांना समज दिली.

जुने डॉक्टर निवृत्त झाले, पाटी आली, आणि नेमकी तेव्हाच व्याह्यांची पाळी आली. मला दाराबाहेर उभे करण्यात आले. ते परत आले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. मी विचारले, पाणी कुठवर गेले? म्हणाले, "तिसऱ्या बांधीतच अडलं. पुढचं विचारणारंच कोणी नव्हतं ना." आता येत्या शुक्रवारी अँजिओप्लास्टी ठरली आहे आणि हा माणूस जायला तयार नाही. डॉक्टरांनी, मुलाने, माझ्या मुलीनेही समजावले. ते मान हलवतात आणि बैलांना चारा घालायला उठतात.

परवा त्यांच्या धुऱ्यावर बसून मी सगळ्या बांध्यांची नावे पाठ केली: आंब्याची, बोडीकाठची (बोडी म्हणजे शेततळे), खोलगट, भांडणाची. सर्वांत शेवटची, जिथे पाणी सावकाश पोहोचते, ती माझ्या मुलीच्या नावाची निघाली. लग्नाला इतकी वर्षे झाली; त्यांनी मला हे कधी सांगितले नव्हते.

सबब व्यवस्थापकांनी गुरुवारपूर्वी हे निवेदन छापणाऱ्या याच साप्ताहिकातून जाहीर उत्तर द्यावे: कोणत्या नियमाच्या कोणत्या कलमान्वये एका माणसाचे पाणी तिसऱ्या बांधीत अडवले गेले, आणि शुक्रवारी त्याच्या उशाशी उभे राहून पुढची बांधी कोण विचारणार आहे? एप्रन माझ्या मापाचा नसला तरी माझी हरकत नाही.