ताकदीची गोळी

माझी बायको आळशी आहे, असं मी विहारात चाळीसेक माणसांसमोर बोललो होतो. ते खोटं होतं. त्याहून मोठं खोटं मी घरात करून ठेवलं होतं. दोन्ही आता लिहितो.

आमचं गाव अकोल्याकडच्या मालेगावजवळ. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. बायको लग्नानंतर वाचायला शिकली, आणि तिचा आवाज असा की तिची वाचायची पाळी असली की म्हातारी माणसं पुढे सरकून बसत. पन्नाशीनंतर तिचं अंग सुटलं. घोरणं इतकं वाढलं की शेजारीण सकाळी ओट्यावरून विचारायची, "काल गिरणी लय उशिरापर्यंत चालू होती काय वो?" उठल्या उठल्या तिचं डोकं दुखायचं, दुपारी चुलीपुढे डुलकी लागायची. एका संध्याकाळी वाचता वाचता तिची मान खाली गेली आणि भर विहारात ती घोरली.

मी म्हणालो, "आळशाची राणी हाय ते. घरीबी असंच. खाते आन् झोपते."

सगळे हसले. ती उठून गेली नाही. पुढ्यातलं पान उघडं ठेवून तशीच बसून राहिली. त्यानंतर तिनं वाचनाची पाळी घेतली नाही.

मला वाटलं, हिची रात्रीची झोप पुरी होत नाही, म्हणून दिवसा डोळा लागतो. ओळखीच्या औषधवाल्याकडून मी चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या आणल्या आणि तिला सांगितलं, ताकदीची गोळी आहे.

"मलेच काहून ताकद? तुमाले नाही लागत काय?"

"तू खाय," म्हणालो. तिनं दोन वर्षं खाल्ली. त्या काळात घोरता घोरता तिचा श्वास थांबायचा, मग गचका बसून पुन्हा सुरू व्हायचा. मी ते ऐकत होतो. ती शांत झाली की मला बरं वाटायचं.

पुढे ती आठ दिवस अकोल्याला मुलीकडे राहिली. मुलीनं ते श्वास थांबणं पाहिलं आणि आम्हा दोघांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तिच्या मानेला टेप लावला, रक्तदाब पाहिला, मासिक पाळी कधी बंद झाली ते विचारलं. माहेरी कोणी घोरायचं का?

"माहा बाप घोरे, त बैलं दावं तोडत," बायको म्हणाली.

बाई हसल्या. मग म्हणाल्या, वजन, जाड मान, पाळी गेल्यानंतरचं वय, घराण्यातलं घोरणं, सगळं जुळतं. झोपेत घसा मिटतो, श्वास अडतो, म्हणून दिवसा झापड येते. यात आळस कुठेच नाही. "दारू, तंबाखू? झोपेच्या गोळ्या? गोळ्यांनी घसा आणखी सैल पडतो."

"नाही जी. ताकदीची गोळी घेतो फक्त," बायको म्हणाली.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"कॅल्शियम," मी म्हणालो. त्यांनी तसं लिहून घेतलं.

घरी येऊन उरलेल्या गोळ्या उकिरड्यात पुरल्या. पुढे तपासणी झाली, झोपताना नाकावर लावायचं मशीन आलं, आणि ती दिवसा जागी राहू लागली. विहारातल्या बाया म्हणायच्या, "नवरा असावा त असा. बायकोसाठी एवढं महागाचं मशीन आणलं." मी मान डोलवायचो. ते मान डोलवणंच मला सर्वांत जास्त खायला लागलं.

यंदा आषाढात, ती तूर निवडत बसली असताना, सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"डॉक्टरीणबाईले सांगतलं?"

"नाही."

"आंदी तिले सांगा. मंग विहारात. सारे हसले होते ना तुमच्यासंगं, त्यायलेबी कळू द्या."

बाईंना सांगून आलो. त्या रागावल्या, आणि त्यांनी रागवायलाच हवं होतं. विहारात तोंडी बोलायला लागलो तर मी पळवाट काढीन, म्हणून हे कागदावर उतरवलं. काल तिला वाचून दाखवलं. शेवटी मी लिहिलं होतं की तिनं मोठ्या मनानं मला माफ केलं.

"हे कवा केलं मी?" ती म्हणाली. "खोडा ते."

खोडलं.