मामांच्या खिडकीचा जामीन

आश्विन शुद्ध अष्टमी, सकाळचे दहा. रक्कम रुपये पंचवीस, रोख. ठिकाण म्हैसूर, राजवाड्याकडून बन्नीमंटपाकडे (दसऱ्याला स्वारी शमीपूजनाला जाते ते मैदान) जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका घराची ओसरी. हजर माणसे चार: पैसे देणारा मी, घेणारा दफेदार नंजप्पा, ज्यांच्यासाठी दिले ते माझ्या पत्नीचे मामा खंडोजीराव, आणि दाराआडून सगळे ऐकणारी त्यांची सून चंद्राबाई.

हा जामीन कशाबद्दल होता? चौऱ्याहत्तर वर्षांच्या एका माणसाने दोन दिवसांनी स्वतःच्या घराच्या खिडकीतून बाहेर पाहावे आणि पाहण्यापलीकडे काही करू नये, याबद्दल. आता पहिल्यापासून सांगतो.

मिरजेहून मी चतुर्थीला निघालो. मी मोजणीदार आहे. लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजून कागदावर उतरवणे हा माझा धंदा. पिशवीत मोजणीची फीत पाहून पत्नी म्हणाली, "दसऱ्याला निघालात की बांधाच्या भांडणाला? ती राहू द्या घरी." मी राहू दिली नाही. तिचे ऐकले असते, तर लिहिण्यासारखे निम्मेच घडले असते.

हरिहरला तुंगभद्रा ओलांडली आणि डब्यात मराठी कमी, कानडी जास्त झाली. मिरजेकडच्या माणसाला कानडी परकी नसते, त्यामुळे अडले नाही. बंगळुरास गाडी बदलली. पुढे नारळीच्या बागा, तळी, उसाचे मळे आणि शेवटी डावीकडे चामुंडीचा डोंगर, एखादा हत्ती निवांत बसावा तसा.

म्हैसूरच्या स्टेशनावर एका कारकुनाने अडवले. नाव, बापाचे नाव, धंदा, कोणाकडे उतरणार, परत केव्हा जाणार, सगळे वहीत घेतले.

"हे कशाला?" मी विचारले.

"मोठे पाहुणे येणार आहेत, स्वामी."

"मीही पाहुणाच आहे."

"तुम्ही मोठे नाही," तो म्हणाला, आणि हसून माझी पिशवी स्वतः टांग्यात ठेवली. माणूस चांगला होता. वही तेवढी वाईट.

खंडोजीराव दारातच उभे होते. यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत आले ते इथलेच झाले. मामांनी स्वतः बत्तीस वर्षे घोडदळात काढली आणि दरसाल दसऱ्याच्या स्वारीत अंबारीच्या पुढे घोडा चालवला. पाय मोडल्यावर नोकरी सुटली. तेव्हापासून बावीस वर्षे ते जुना फेटा बांधून माडीच्या खिडकीत उभे राहतात आणि अंबारी समोर आली की मुजरा करतात. एकही दसरा चुकलेला नाही.

"या जावईबापू! ऊटा (जेवण) तयार आहे," ते म्हणाले. "दशमीला वर माझ्याशेजारी उभे राहा. तुमच्या मिरजेत असं कायबी नाही, नोडी (बघा)!"

सप्तमीचा दिवस मी शहर पाहण्यात घालवला. अग्रहारात (ब्राह्मणांची जुनी वस्ती) केळीच्या पानावर उप्पिट्टु (उपमा) खाल्ला. कॉफी इतकी कढत होती की पितळी पेला दोनदा खाली ठेवावा लागला. तिथून चामराजपुरमच्या बाजूला फिरून आलो. रस्ते रुंद, सरळ आणि झाडलेले. मोजणीदाराला असे रस्ते पाहून बरे वाटते. परत येताना स्वारीच्या रस्त्यावर घरोघर शिपाई माडीच्या खिडक्यांना आडव्या पट्ट्या ठोकताना दिसले.

अष्टमीला सकाळी दफेदार नंजप्पा आमच्याकडे आला. हुकूम असा होता की मोठ्या पाहुण्यांच्या बंदोबस्तासाठी रस्त्याच्या मध्यापासून पन्नास फुटांच्या आत असलेल्या माडीच्या सर्व खिडक्या दशमीला बंद राहाव्यात. मामांच्या घरापुढे मोठे अंगण आहे. नंजप्पाने डोळे बारीक करून अंगण पाहिले, रस्ता पाहिला आणि म्हणाला, "हे घर लांब दिसतंय. पन्नासाच्या बाहेर असेल. जाऊ दे."

तो निघालाच होता. मलाही घर बाहेरच वाटत होते, आणि ते पक्के करून टाकावे म्हणून मी फीत काढली. एक टोक त्यालाच धरायला दिले. अंतर भरले अठ्ठेचाळीस फूट.

मी पुन्हा मोजले. अठ्ठेचाळीस फूट दोन इंच.

"जावईबापू," मामा म्हणाले, "तुम्हाला कुणी मोजायला सांगितलं होतं?"

दाराआडून चंद्राबाई म्हणाली, "भावोजी, आता ती फीत चुलीत घाला. सारु (आमटी) तरी लवकर उकळेल."

माप खोटे सांगणे मला जमत नाही, पण ज्याने खिडकी बंद केली त्यानेच ती उघडून दिली पाहिजे, हेही मला कळत होते. मी नंजप्पाला विचारले, "रस्त्यावर हजारो लोक अंबारीपासून चार हातांवर उभे राहणार. त्यांना बंदी आहे?"

"नाही."

"त्यांची नावे लिहिली?"

"इतकी कशी लिहिणार?"

"म्हणजे अनोळखी माणूस चार हातांवर चालतो, आणि बत्तीस वर्षे पहाऱ्यात घोडा चालवलेला माणूस अठ्ठेचाळीस फुटांवर, आपल्या घरात, चालत नाही?"

नंजप्पाने डोक्यावरची पगडी मागे सारली. "स्वामी, हुकूम मी लिहिला नाही. मला विचारून लिहिलाही नाही. पण त्यात एक सोय आहे. कोणी पंचवीस रुपये जामीन ठेवला आणि खोलीत शिपाई बसवू दिला, तर एक खिडकी उघडी ठेवता येते."

मामा उसळले. "बेडा (नको)! माझ्या खिडकीला जामीन? बंदच राहू दे! मी आत बसून भिंतीला मुजरा करतो!"

पण बोलताना त्यांची नजर माडीच्या खिडकीवरच होती. मी कनवटीचे पैसे काढले. माझ्या प्रवासखर्चातले ते जवळजवळ सगळे होते.

दशमीला दुपारी तीन वाजता नंजप्पा स्वतःच पहाऱ्याला आला. मागोमाग त्याची बायको, तीन मुले आणि काठी टेकत त्याची आई.

"हे कोण?" मी विचारले.

"पहारा माझा आहे," तो जरा लाजून म्हणाला. "हे नुसते बघायला. इतकी चांगली जागा सगळ्या रस्त्यावर दुसरी उघडी नाही."

खोलीत अनोळखी माणूस नसावा म्हणून हुकूम, आणि हुकमामुळेच खोलीत पाच अनोळखी माणसे. मी खिडकी मोजली, चौतीस इंच. म्हातारी मधोमध जाऊन बसली, दोन्ही बाजूंना मुले. मामा फेटा बांधून, जुना पदक लावलेला अंगरखा घालून जिन्यातून वर आले, तर त्यांना उभे राहायला जागा नाही. ते आपल्याच खोलीच्या दारात पाहुण्यासारखे थांबले.

म्हातारीने मान वळवली. फेटा पाहिला, पदक पाहिले. "यजमान्रे (घरधनी), तुम्ही घोड्यावरून जायचात ना? पांढरा घोडा. माझा नवरा त्याला हरभरे घालायचा पागेत."

"पागेतला चिक्कण्णा?" मामा म्हणाले. "अहो, त्याच्याशिवाय तो घोडा पाय उचलत नव्हता!"

म्हातारी लेकाकडे वळली. "मगा (लेका), कोणाची राखण करतोयस रे तू? यांची? यांनी स्वारी राखली तेव्हा तू पाळण्यात होतास. उठा रे पोरांनो." ती स्वतःही सरकली. मामांनी तिला पुन्हा बसवले आणि तिच्या मागे, अगदी मधोमध, उभे राहिले.

आधी वाद्ये, मग उंट, मग घोडदळ. तेव्हा मामांचा उजवा पाय नकळत टाच मारल्यासारखा हलत होता. मोठे पाहुणे मंडपात कुठे तरी पुढे बसले होते. आमच्या खिडकीतून त्यांचा टोपदेखील दिसत नव्हता. मग उन्हात अंबारी चमकली. मामांनी तीन वेळा वाकून मुजरा केला. म्हातारीने ओटीतली शेवंतीची फुले खाली भिरकावली.

मी नंजप्पाकडे पाहिले. मामांच्या हातांवर नजर ठेवणे हे त्याचे काम होते. तो डोळे मिटून, हात जोडून उभा होता. त्याच्या बायकोनेही डोळे मिटले होते. जामीन राहिलेला मी, मीही त्याआधी अंबारीच पाहत होतो. ज्या एका क्षणासाठी सगळा बंदोबस्त, त्या क्षणी मामांवर कोणाचीच नजर नव्हती. आणि काहीही झाले नाही.

एकादशीला ठाण्यावर गेलो. नंजप्पाने कागद पुढे केला: 'खिडकीतील इसमावर अखंड नजर होती.' सही केली की पैसे परत.

"ही सही मला करता येणार नाही," मी म्हणालो.

त्याचा चेहरा पडला. "खरं लिहिलंत तर माझी नोकरी जाईल, स्वामी. सही केली नाहीत तर तुमचे पैसे जातील."

माझ्याकडे परतीच्या तिकिटाचेही पैसे नव्हते. बराच वेळ विचार करून मी ते वाक्य खोडले आणि वर लिहिले: 'खिडकीतून तीन मुजरे व शेवंतीची फुले, याखेरीज रस्त्यावर काहीही आले नाही.' हे मी शपथेवर सांगू शकत होतो.

नंजप्पाने ते दोनदा वाचले. "साहेबांना चालेल?"

"तुमच्या साहेबांना कळायचे होते ते एवढेच होते ना?"

त्याने शिक्का मारला. चालले.

मामांनी निरोप देताना विड्याची पाने, म्हैसूरपाकाचा डबा आणि एक सूचना दिली: "पुढच्या वर्षी या, पण फीत आणू नका."

मिरजेला पोचल्यावर पत्नीने आधी डबा उघडला, मग मामा मुजऱ्याला उभे राहिले का, ते विचारले. राहिले, म्हटल्यावर तिने डोळे पुसले. रात्री झोपताना मी खिडकी उघडायला गेलो आणि उगीचच थोडा थांबलो. आपले दार, आपली खिडकी हे आपण किती सहज म्हणतो. नंजप्पासारखी भली माणसे वाईट हुकूम सांभाळून घेतात म्हणून आपले चालते. पण प्रत्येक ठाण्यावर नंजप्पा असेलच, असा जामीन कोण देणार?

हिशेब असा: ठेवले पंचवीस रुपये, परत मिळाले चोवीस रुपये चौदा आणे. दोन आणे जामिनाच्या अर्जाला लावलेल्या तिकिटाचे, सरकारजमा; एका म्हाताऱ्याने स्वतःच्या घरातून बाहेर पाहिले म्हणून. पावती मी मागून घेतली आहे.